खांबाला हात लावून

या, मित्रांनो, जवळ सरकून बसा. एका खऱ्या बोलण्याची गोष्ट सांगतो. मी एकलहऱ्याच्या मैदानावरचा एक जुना खो-खोचा खांब आहे. सुताराने मला सागातून तासलं, घासून गुळगुळीत केलं. नारळ फुटला, पोरींनी हळद-कुंकू लावलं, आणि मी मातीत उभा राहिलो. सुट्टीत मात्र कुणी मला शेळी बांधतं, कुणी दप्तर अडकवतं. असो.

शेजारच्या देवळात कीर्तन रंगलं की मी कान देऊन ऐकतो. खांबातून देव प्रकटल्याची कथा आली की माझं लाकूडसुद्धा शहारतं! खांबात देव असतो, त्याच्यापुढं खोटं बोलायचं नाही, म्हणून पोरींना खो-खो शिकवणाऱ्या मनीषाताईंनी तीच कथा ऐकून रीत घातली : सराव संपला की खांबाला हात लावायचा आणि आज काय चुकलं, कुठं चुकलं, ते सांगायचं. "छान झालं" चालायचं नाही.

पण निकिताने माझा जीव टांगणीला लावला. पळणाऱ्या गड्याला टिपताना मला एका हाताने घट्ट धरून अंग झोकायचं असतं. उजवीकडे झेपावताना ती मला आधीच सोडायची. ताईंना दुरून एवढंच दिसायचं, की गडी निसटला.

"का गं निसटला?"

"दमले होते, ताई."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "माती ओली होती."

"तुझ्यापुरतीच ओली व्हती का?" संघातली आरोही खिदळली.

अंतिम सामना उद्यावर आला. ताई म्हणाल्या, "खांबाजवळची झेप निकिताच घेईल." मी कासावीस झालो. पोर तोंडावर आपटली तर? सगळ्यांची मेहनत मातीत गेली तर? ओरडावंसं वाटलं, पण माझ्यातून देव सोडाच, शब्दही फुटेना.

देवळात टाळ वाजू लागले. निकिताने माझ्यावर हात ठेवला, तो काढेचना.

"ताई, खोटं बोलले मी. उजवीकडं झेप घेताना हात आधीच सोडते. हनुवटी आपटली ना, तवापासून भ्या वाटतं. डावीकडं नाय वाटत."

"आता कसं बोललीस!" ताई म्हणाल्या. "'दमले' म्हटल्यावर मी काय शिकवू? हे शिकवता येईल. पण उद्या..."

"उद्या आरोहीला घेऊ द्या," निकिताच म्हणाली, आणि बाहीने डोळे पुसले.

सामन्यात आरोहीने झेप घेतली, करंडक आला. आता रोज सकाळी निकिता माझ्याजवळ गुडघ्यांवर बसून, पडलं तरी लागू नये अशा बेताने, उजवीकडची झेप गिरवते. पकड अजून पुरती बसलेली नाही, म्हणून माझाही जीव थाऱ्यावर नाही.

मित्रांनो, मला तेल लावायला विसरलात तरी चालेल. पण करंडक घेतलेल्या संघाचा फोटो पाहाल, तेव्हा कडेला अर्धीच दिसणाऱ्या निकिताची तेवढी आठवण ठेवा.