सुईचा तिसरा तुकडा

मी एक जुनी, हाताने फिरवायची शिलाई मशीन आहे, मित्रांनो. आयुष्यात मी किती टाके घातले याची गणती नाही, पण माझ्या दोन मोडलेल्या सुया मला अजून झोपू देत नाहीत. त्यांचीच गोष्ट सांगते.

माझा जन्म मॉस्कोजवळच्या एका कारखान्यात झाला. काळं अंग, त्यावर सोनेरी वेल, उजवीकडे चाक आणि चाकाला लाकडी मूठ. आगगाडीने मी फरगाना खोऱ्यात आले आणि मर्गिलान शहरातल्या एका गल्लीत सनोबर नावाच्या मुलीच्या घरी पोहोचले. पुढे तीच मुलगी साऱ्या गल्लीची सनोबर खाला, म्हणजे मावशी, झाली. नवरीचा झगा असो की पाहुण्यांसाठी जमिनीवर अंथरायच्या गाद्या, जे काही शिवायचं ते खालाकडे, म्हणजे माझ्याकडे. माझ्या टाक्याचं फार कौतुक व्हायचं. मला ते आवडायचं, खोटं का बोलू?

खाला एका बाबतीत मात्र फार कडक होती. सुई मोडली की ती चाक तिथल्या तिथे थांबवायची. सगळे तुकडे शोधायची, तळहातावर जुळवायची आणि शेजारी एक अख्खी सुई ठेवून लांबी ताडून पाहायची. लांबी जुळली की मगच पुढचा टाका. जुळवलेली सुई ती एका लाल कापडावर दोऱ्याने बांधून टाकायची. ते कापड माझ्या लाकडी झाकणाच्या आत ठोकलेलं आहे. त्यावर तेव्हा एकतीस सुया होत्या आणि सगळ्या पूर्ण होत्या. फक्त पहिल्या रांगेतल्या पहिल्या सुईला टोक नव्हतं. त्याबद्दल खाला कधी बोलत नसे आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

खालाची बोटं आखडली, तशी मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर आधी खोळ आली, मग धूळ, मग वाळत घातलेल्या जर्दाळूंचं ताट. अशी चार वर्षं गेली.

शेजारी सेवारा राहायची. अठरा वर्षांची, चटपटीत, एका जागी न टिकणारी. तिला शिवणकाम शिकायचं होतं आणि त्यासाठी मशीन घ्यायचं होतं. बाजारात तिने एक पांढरंशुभ्र मशीन हेरलं होतं. ते विजेवर चालायचं आणि चाळीस तऱ्हेची फुलं काढायचं. तिची आई म्हणाली, "हिला मशीन नकोय, बाग पाहिजे." तरी दोघी खालाला घेऊन दुकानात गेल्या. पुढचं सगळं मी नंतर अंगणातल्या गप्पांत ऐकलं. खालाने पिशवीतून कापूस भरलेल्या गादीचा एक जाड तुकडा काढला आणि दुकानदाराला म्हणाली, हे शिवून दाखव. मशीन कण्हलं, दोन टाके घातले, तीन चुकवले. खालाने तुकडा उलटा करून मागची बाजू सेवाराच्या नाकासमोर धरली.

"पुढून सगळीच गोड दिसतात. मशीन घेताना मागचा टाका बघायचा आणि आपलं कापड सोबत न्यायचं. चाळीस फुलं काढते म्हणे, आणि गादीला घाबरते."

त्याच संध्याकाळी खालाने मला पुसलं, तेल दिलं आणि सेवाराच्या हवाली केलं. शिकणाऱ्याने हाताने फिरवायचीच मशीन घ्यावी असं तिचं म्हणणं होतं. हात थांबला की सुई थांबते. विजेचं मशीन पळत सुटतं आणि नवशिकी त्याच्या मागे पळते.

सेवारा भराभर शिकली. आधी दोरा न ओवता कागदावर सरळ रेषा, मग रुमाल, मग उशीचा अभ्रा, मग आईसाठी एप्रन. ओव्हनमधलं गरम भांडं उचलायला तिने एक जाड चौकोन शिवला, तो जरा वाकडा झाला, पण घरात सगळ्यांनी तोच वापरायचा हट्ट धरला. माझे दिवस परत आले होते.

तेवढ्यात तिची मोठी बहीण मुहाय्यो बाळंत झाली. मुलगा झाला, जासुर. आमच्याकडे पहिल्या नातवंडाचा पाळणा आईच्या माहेरून जातो आणि पाळण्याचं अंथरूण-पांघरूणही तिथूनच जातं. या पाळण्याला बेशिक म्हणतात. त्यात बाळाला रुंद पट्ट्यांनी हातपाय सरळ ठेवून बांधतात. गादीच्या मधोमध एक गोल भोक असतं, त्याखाली मातीचं भांडं, म्हणजे बाळ कोरडं राहतं. सेवाराने बहिणीच्या सासरी फोन करून सांगून टाकलं, गादी मी शिवणार.

खाला म्हणाली होती, भोकाची गोल शिवण माझ्यासमोर कर. सेवाराला दम कुठला? बाळाला पाळण्यात घालायच्या समारंभाला तीन दिवस उरले होते. कापडाचे सहा पदर, मध्ये दाबलेला कापूस. मी सावकाश चालले होते. तिने डाव्या हाताने मागून कापड ओढलं. सुई वाकली, खालच्या पत्र्यावर आपटली आणि टक्कन मोडली.

सुईचे तीन तुकडे झाले. एक माझ्याच पकडीत राहिला. दुसरा तिच्या मांडीवर पडला. तिसरा, गव्हाच्या दाण्याएवढं टोक, गादीच्या गोल शिवणीत शिरला. ते मी पाहिलं. मी एकटीनेच पाहिलं.

सेवारा घाबरून दाराकडे बघत राहिली. पाळण्याच्या कामात सुई मोडणं आमच्या गल्लीत अशुभ धरतात. कुणाला कळलं असतं, तर तिच्या हातातलं काम काढून दुसरीला दिलं असतं आणि बहिणीच्या सासूला वर्षभर बोलायला विषय मिळाला असता. तिने दोन तुकडे कागदात गुंडाळून माझ्या दोऱ्यांच्या कप्प्यात सरकवले. तिसऱ्याचा विचार तिला शिवलाच नाही. दोनच तुकडे झाले असं ती धरून चालली. नवी सुई बसवली. मी दोनदा दोरा तोडला, एकदा खालच्या बाजूला गुंता केला. याहून जास्त मला काय करता येणार होतं? "आजच तुला काय झालंय गं?" असं म्हणत तिने मला चापट मारली आणि शिवण पुरी केली.

समारंभात गादीचं कौतुक झालं. सासूनेसुद्धा टाक्यांवरून बोट फिरवलं म्हणे. माझ्या आयुष्यातलं तेवढं एक कौतुक मला नकोसं झालं.

चौथ्या दिवशी मुहाय्योचा फोन आला. सेवाराने फोन माझ्या चाकाला टेकवून उभा केला, म्हणजे दोघींना एकमेकींचं तोंड दिसेल. फोनमधून बाळाचं रडणं येत होतं. पाळण्यात ठेवलं की रडतो, उचललं की थांबतो. सासू म्हणत होती, लाडावलाय, पट्टे जरा घट्ट बांध. पाचव्या दिवशी नजर लागली म्हणून खोलीत औषधी झुडपाचा धूर केला. सहाव्या दिवशी मुहाय्यो म्हणाली, पाठीवर बारीक लाल ठिपके दिसतायत, ढेकूण असावेत. आधी एक होता, आता तीन.

माझ्या चाकाला टेकलेल्या त्या फोनमधून रडणं थेट माझ्या लोखंडात उतरत होतं. पाळण्याच्या प्रत्येक झोक्याला ते टोक कापसातून केसभर वर सरकत असणार, हे मला कळत होतं. आणि त्याच्यावर बांधलेलं बाळ कूससुद्धा बदलू शकत नव्हतं. मित्रांनो, मला तोंड नाही याचं दुःख मी आधी कधी केलं नव्हतं.

सातव्या दिवशी खाला मला तेल द्यायला आली. फडकं शोधताना तिने कप्पा उघडला आणि कागदाची पुडी तिच्या हाताला लागली. तिने ते तुकडे तळहातावर जुळवले. शेजारी अख्खी सुई ठेवली. लांबी जुळेना.

"सेवारा, कशावर मोडली ही?"

"गादीवर. पाळण्याच्या."

"टोक कुठंय?"

 सेवाराला एकदम सगळं कळलं असावं. तिने फोन खालापुढे केला. खालाने तिच्याच फोनवरून मुहाय्योला गाठलं.

"पट्टे सोड आणि बाळाला उचल. आधी उचल, मग बोलू."

पलीकडे फोन कशावर तरी आपटला. मग कापडाचा आवाज, मग एक किंकाळी, बाळाची की आईची ते कळलं नाही, आणि फोन बंद पडला.

त्या दोघी आणि सेवाराची आई मिळेल त्या गाडीने निघून गेल्या. मी मागे राहिले. माझं चाक अर्ध्या वाटेवर थांबलेलं होतं आणि सुई हवेत. भिंतीवरचं ऊन खिडकीपासून दारापर्यंत सरकलं. अंगणात कुणी आलं की मला वाटायचं, आता सांगतील. कुणी काही सांगितलं नाही.

ऊन उतरल्यावर त्या आल्या. बाळ वाचलं होतं. टोक गादीतून वर आलं होतं आणि त्या दिवशी प्रथमच त्याच्या कातडीत शिरून अडकलं होतं, कण्याच्या अगदी शेजारी. दवाखान्यात डॉक्टरांनी ते चिमट्याने काढलं आणि आत काही राहिलं नाही ना, याची एक्स-रे काढून खात्री केली. खालाने रुमाल उघडून ते माझ्यासमोर ठेवलं. मग तिन्ही तुकडे जुळवून लाल कापडावर बांधले. बत्तिसावी सुई.

सेवाराचे डोळे सुजले होते. ती कापडाकडे बघत राहिली आणि तिने पहिल्या सुईवर बोट ठेवलं. इतक्या वर्षांत कुणी न विचारलेलं तिने विचारलं.

"खाला, हिचं टोक?"

 मला ठाऊक होतं, कारण तेव्हाही सुई माझीच होती.

"मी सतरा वर्षांची होते," खाला म्हणाली. "कापूस वेचायला पोरं येणार होती शहरातनं. त्यांच्यासाठी साठ गाद्या शिवायच्या होत्या. माझी सुई मोडली आणि मी कुणाला बोलले नाही. हसतील म्हणून."

"मग?"

"मग ट्रक आला आणि गाद्या घेऊन गेला."

तिने माझं झाकण लावून टाकलं.

मित्रांनो, आमच्याकडे गाद्या लवकर मरत नाहीत. कापूस पिंजतात, खोळ बदलतात आणि पुन्हा भरतात. आईची गादी लेकीकडे जाते, लेकीची नातीकडे. त्या साठांतल्या कितीतरी अजून कुणाच्या ना कुणाच्या घरी अंथरल्या जात असतील. तुम्ही शिवायला बसाल तेव्हा माझी एवढीच विनवणी आहे. सुई मोडली तर लाजू नका, हात थांबवा, सगळे तुकडे शोधा आणि घरात मोठ्याने सांगा. मला सांगता आलं नाही आणि सनोबरने सांगितलं नाही. ते पहिलं टोक अजून बाहेर आहे आणि आजही कुणीतरी त्यावर पाठ टेकवणार आहे.