ओल्या लुगड्याचं वजन

गेल्या लावणीला चिखलात गोदूबाईंचे गुडघे सुजले होते. "काट्यावर पाच शेर उतरलीस तरच यंदा शेतात, नाय तर घरात बसायचं," असं त्यांचे यजमान नागूभाऊ यांनी बजावलं होतं. पण चालताच येत नव्हतं, तर वजन उतरणार कसं? मी कशेळ्याच्या दवाखान्यातली नर्स. मी त्यांना पेज नदीत छातीभर पाण्यात चालायला सांगितलं. पाणी अंगाचा भार पेलतं, गुडघ्यांवर तो फारसा येत नाही. दोन महिने त्या रोज चालल्या.

आज नदीवरून आम्ही थेट भाताच्या गिरणीत गेलो. पोती तोलायच्या काट्याच्या एका पारड्यात गोदूबाई बसल्या, दुसऱ्यात नागूभाऊंनी मापं ठेवली. तीनच शेर उतरले होते.

"रोज म्हशीगत डुंबलीस, तरी तीनच गं?" नागूभाऊ म्हणाले.

गोदूबाईंनी मान खाली घातली. त्यांच्या पदरातून पारड्यात पाणी ठिबकत होतं.

"थांबा. लुगडं ओलं आहे. दोन महिन्यांपूर्वी तोललं तेव्हा कोरडं होतं."

गिरणीवाल्याच्या बायकोचं कोरडं लुगडं नेसून त्या पुन्हा बसल्या. नागूभाऊंनी दुसऱ्या पारड्यातलं दोन शेरांचं माप काढलं, मग अर्ध्या शेराचं, तेव्हा काटा सरळ झाला. एकूण साडेपाच शेर उतरले होते. मी दोनदा तपासलं.

"ये मग लावणीला," नागूभाऊ म्हणाले, "पण माझ्या शेजारीच राहायचं."

"शेजारी कशी राहीन? तुमी तर मागं पडाल," गोदूबाई म्हणाल्या आणि कुणाचा हात न धरता पारड्यातून उठल्या.