मुकादमाची जीभ

दुपारी आत्याच्या आइस्क्रीमच्या खोलीत ढग उतरतात. फ्रीझरचं झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीवरून सरपटत येते, पायांना गुदगुल्या करते. मग तिच्यातून आधी दोन कान, मग मिशा, मग अख्खा मुकादम प्रकट होतो. मुकादम म्हणजे आमचा बोका. कामाला पंजा लावायचा नाही, पण प्रत्येक पातेल्यावर देखरेख करायची, म्हणून हे नाव.

एका तापात आत्याच्या तोंडाची चव गेली ती आलीच नाही. साखर काय नि पीठ काय, तिला सारखंच. हे घरात फक्त मला ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना कळलं तर दुकानाला टाळं लागेल, ही तिची धास्ती. मी म्हटलं, मी चाखते. तर म्हणे, "तुला काय, तुला सगळंच गोड लागतं." म्हणून तिने मुकादमाला नेमलं. प्रत्येक पातेल्यातलं थोडं त्याच्या बशीत. त्याने बशी चाटूनपुसून लख्ख केली की साखर बरोबर. मुकादमाने आजवर एकही पातेलं नापास केलं नव्हतं, आणि आम्हा दोघींना याचं कोण कौतुक.

मग मुकादम वाळायला लागला. पोट सारखं बिघडलेलं. खिडकीत पिळून टाकलेल्या फडक्यासारखा पडून राहायचा. पूर्वी मी साधं पेन घ्यायलासुद्धा आईला पुढे करायचे. हल्ली मी कुणाशीही बोलते. शाळेतून आले, त्याला टोपलीत घातलं आणि एकटीच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"खातो काय हा?"

"रोज आइस्क्रीम."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वर चेरी ठेवता की नाही?" मग मुकादमाचं पोट हलकेच दाबत म्हणाल्या, "पिल्लू असताना आईचं दूध पचतं. मोठं झालं की बहुतेक मांजरांचं पोट ते विसरून जातं. चॉकलेटचं नाही ना दिलंत?"

"ते आम्ही करतच नाही."

"नशीब याचं. ते तर विषच. बाकीचंही आजपासून बंद."

"पण मग साखर कोण बघणार? त्याला गोड बरोबर कळतं."

"मांजराला? अगं, मांजराला गोड कळतच नाही. हा सायीवर भाळलेला आहे."

परतताना रस्ता पाण्याखाली असल्यासारखा वाटत होता. माणसं तरंगत होती, सायकलच्या घंटा लांबून ऐकू येत होत्या. टोपलीत मुकादम आणि माझ्या पोटात ते वाक्य. सांगावं, तर आत्याची जीभ दुसऱ्यांदा जाणार. न सांगावं, तर मुकादमच जाणार.

आत्या दूध ढवळत होती. बशी पुसून तयार होती.

"आत्या, त्याला दूध बाधतंय. डॉक्टरीणबाईंनी बंद करायला सांगितलंय. आणि गोड त्याला कळत नाही. कधीच कळत नव्हतं."

पळी थांबली. दुधाला बुडबुडे येत राहिले.

"म्हणजे इतके दिवस मी आंधळ्याला रस्ता विचारत होते," ती म्हणाली. मग पळी बाजूला ठेवत म्हणाली, "आणि पोहोचत कशी होते गं?"

तिने बशी उचलून फळीवर पालथी घातली. साखरेच्या डब्यात हात घातला, डोळे मिटले, मूठ जरा वरखाली करून जोखली, थोडी परत सोडली, उरलेली पातेल्यात घातली. रोज ती अगदी असंच करते. रोज माझं लक्ष बशीकडे असायचं.

आइस्क्रीम जमल्यावर पहिला चमचा माझ्या हातात आला. मी मुद्दाम सावकाश चाखलं. जिभेवर आधी गार, मग काहीच नाही, मग गोड, हळूच, कुणी कानात बोलल्यासारखं.

"कालच्यासारखंच झालंय."

"तुला सगळंच गोड लागतं."

"मग परवा डब्यातली भाजी मी परत का आणली?"

आत्या हसली. मग वाफेत उभ्या उभ्या आपला तळहात बघत राहिली. रेषांमध्ये साखरेचे कण चिकटले होते.

मुकादमासमोर पाणी आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन ठेवलं. त्याने ते संपवलं, मिशा पुसल्या आणि ढगातून चालत पातेल्यापाशी येऊन बसला. देखरेख काही त्याने सोडली नाही.