पेटीतला पाचवा मासा

नत्थुजी हिवरखेडहून अकोल्याला लेकाकडे आले ते आठ दिवसांच्या बोलीवर. बायको गोदाबाई वारल्यापासून गावी एकटेच चूल फुंकत होते. लेक उद्धव कॉलेजात मास्तर, पण बापाला 'राहा' म्हणायला त्याची जीभ रेटेल तर शपथ! सून अनुपमा सासऱ्यांशी बोलायलाही बिचकायची. तरी म्हातारा आल्यापासून घराला घरपण आलं होतं आणि त्यानं जाऊ नये, असं तिला मनापासून वाटत होतं.

उद्धवनं हौसेनं काचेची पेटी आणून तीत नऊ मासे कोंबले होते. ते सारखे वर येऊन तोंडं वासत. नत्थुजींनी ते पाहिलं आणि लेकाची बिनपाण्यानं केली. कपाशी दाट झाली की आपण विरळणी करतो ना? मग एवढ्याशा पाण्यात चारच मासे, पाचवा नको. रोज एकेक मासा शेजारच्या माणिकबाईंच्या हौदात सोडायचा, चार उरले की आपण गावची मोटार धरायची, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

शनिवारी चार उरले. रविवारी सकाळी बघतात तर पाच! पाचवा हौदात गेला, दोन दिवसांनी पेटीत पुन्हा पाच. उद्धव म्हणाला, पिल्लू झालं असेल. काय म्हणावं या मास्तरला, चांगला बोटभर मासा होता तो!

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या देवमन शिपायाकडून अनुपमाच पदराखाली लोटा झाकून मासा आणत होती. महिनाभर हेच चाललं. मोटार रोज सुटत होती आणि नत्थुजी काही निघत नव्हते.

मग एका दुपारी ती लोटा घेऊन मागच्या दारानं आली, तर नत्थुजी उंबऱ्यातच बसलेले. ती दचकली, लोट्यातलं पाणी सांडलं. त्यांनी लोटा हातात घेऊन आत डोकावून पाहिलं.

"पैल्याच दिवशी वयखलं होतं म्या," ते म्हणाले. "गोदा गेल्यापासून मले कोनी अडवलं नोयतं, म्हून गुमान रायलो. पन या मुक्या जीवाले काहून तरास देऊन रायली, बाई? तोंडानं म्हन ना."

अनुपमानं पदर सावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"राहा, मामाजी."

नत्थुजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग उद्धवला हाक मारून त्यांनी हिवरखेडच्या घराची किल्ली काढून दिली आणि ती पुतण्या जानरावकडे पोचती करायला सांगितली.