शोभेच्या झडपा

बाजारगल्लीला 'जुनं रूप' द्यायचं म्हणून समितीने आधी तिचं खरंखुरं जुनं रूप खरवडून काढलं. भिंतींचे दगड घासले आणि त्यांच्यावर दगडाची चित्रं छापलेले पत्रे ठोकले. रफूवालीला ते बघून रोज मळमळायचं. "मढ्याला पावडर लावतायत मेले," ती म्हणायची.

पण समितीसाठी ह्या कामाचे नकाशे काढणारा तिचाच भाचा. तिच्या हातचं जेवून मोठा झालेला. त्यामुळे ओकताही येईना आणि गिळताही येईना.

एका सकाळी त्याची माणसं आली आणि तिच्या दुकानाच्या एकुलत्या एका खिडकीवर दोन नक्षीदार झडपा ठोकून गेली.

"अरे, ह्या उघडायच्या कशा?"

"उघडायच्या नसतातच, मावशी. शोभेच्या आहेत."

"आणि कापडाला दोरा कुठल्या उजेडात जुळवू? माझं पोट त्या खिडकीवर आहे!"

"दिवा देतो ना मस्तपैकी. पितळी."

"पितळी?"

"म्हणजे, दिसायला."

दिवा आला. कावीळ झाल्यासारखा पिवळा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्याच झडपेच्या खिळ्याला अडकून भाच्याचा काळा कोट पाठीवर टर्रकन फाटला. "मावशी, आता तूच वाचव." तिने दिव्याखाली एकेक रीळ धरून काळा दोरा निवडला आणि जीव ओतून रफू केलं. हात फिरवला तर कुठे फाटलं होतं ते बोटांनाही कळेना.

दुसऱ्या दिवशी भाचा पाहुण्यांकडे तोंड करून बोलायला उभा राहिला. गल्लीकडे पाठ. पाठीवर ऊन पडलं आणि गर्दीतल्या रफूवालीच्या तोंडचं पाणी पळालं. काळ्या कोटावर गडद हिरवा पट्टा! पिवळ्या दिव्याखाली काळा वाटलेला दोरा उन्हात हिरवा निघाला होता.

"अगं बाई," शेजारची भांडीवाली खिदळली, "तुझ्या भाच्याच्या पाठीवर शेवाळ! हेही जुनं रूपच का?"

आजवर तिचं रफू कुणाला दिसलं नव्हतं. लोक यायचे ते तेवढ्याचसाठी. इतके दिवस गल्लीची किळस येत होती, ती परवडली. आता स्वतःच्या हातांची आली.

ती दुकानात शिरली, पक्कड घेऊन आली आणि स्टुलावर चढली. पहिला खिळा किंचाळत निघाला. भाषण थांबलं.

"मावशी! पाहुणे आलेत!" भाचा धावत आला.

"बसू देत. तू कोट काढ."

"आत्ता?"

"उसवून पुन्हा करते. ह्या खिडकीत, उजेडात. आणि आलाच आहेस तर आधी झडप धर, डोक्यात पडेल माझ्या."

त्याने समितीकडे पाहिलं, खांद्यावरून मागे वळून पट्टा पाहायचा प्रयत्न केला आणि झडप धरली. ती पुठ्ठ्यासारखी हलकी निघाली.

"शी!" मावशी म्हणाली. "लाकूडसुद्धा नाही मेलं."