पुलावर उभी बस

…आणि लाल ठिपक्यावर तो बारीकसा बाण येऊन बसला. ओळ पिवळी झाली. म्हणजे सापडलं — निदान सापडायला आलं. तिनं चहाचा कप बाजूला सारला, खुर्ची पुढे ओढली आणि श्वासही बेतानं घेऊ लागली. जणू इथे जेवणाच्या टेबलाशी कुणी जोरात हललं, तर तिकडे हाती आलेलं निसटून जाईल.

तिकडे म्हणजे कुठे… लेकीनं विचारलं होतं एकदा. 'आई, तुझा सर्व्हर राहतो कुठे?' तेव्हा तिनं सांगितलं होतं, की खूप लांब एक भलंमोठं यंत्र असतं, त्याच्या पोटात पडदे लावून खोल्या केलेल्या असतात, आणि प्रत्येक खोलीला वाटतं, आपणच अख्खं घर. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणायचं. तसल्या एका खोलीत माझा प्रोग्राम राहतो. मी इथून हात लांब करते आणि त्याची नाडी बघते. 'मग त्याला गुदगुल्या होत असतील,' लेक म्हणाली होती.

ठिपका ठेवायचा कोडच्या एका ओळीपुढे. पळता प्रोग्राम त्या ओळीशी आला, की थबकतो, आणि आपण सोडेपर्यंत जागचा हलत नाही. मग त्याच्या खिशात काय काय आहे ते एकेक काढून बघायचं. या थबकलेल्या क्षणाची तिला चटकच लागली होती. घरात, बाहेर, कुठेच काही थांबत नाही; इथे मात्र सगळं तिच्या बोटाखाली निमूट उभं… वडील शाळेत गणित शिकवायचे. गणित अडलं की म्हणायचे, 'घाई नको. अडलेलं कुठे पळून जात नाही.' ती घाई करत नव्हती. गेली पंधरा मिनिटं एकेक किंमत वाचत होती. बस क्रमांक चार. अक्षांश, रेखांश. वेग शून्य.

"अगं, बस पुलावरच उभी आहे," आतून सासूबाईंनी आवाज दिला.

"गर्दी असेल, आई."

"गर्दी कसली! एक मुंगी हलेना. मघापासून मी चष्मा पुसतेय, मला वाटलं माझ्याच डोळ्यांत काही गेलंय."

शाळेच्या बस कुठे पोचल्या हे पालकांना मोबाइलवर दाखवणारा प्रोग्राम तिनंच लिहिलेला होता, आणि त्याचं सगळ्यांत निष्ठावान गिऱ्हाईक तिच्याच घरात होतं. रोज अडीच वाजल्यापासून सासूबाई मोबाइल मांडीवर घेऊन बसायच्या. नकाशावरची बस बागेच्या कोपऱ्याशी वळली, की चपला घालायच्या आणि नातीला घ्यायला खाली उतरायच्या. गुडघ्यांमुळे आधी जाऊन उभं राहणं त्यांना झेपत नसे.

तिच्या कानातला फोन वाजला. ऑफिस.

"पुन्हा थांबलं," साहेबांचा आवाज. "सगळ्या बस. पालक फोन करून करून जीव खातायत. वैद्यबुवा, ऐकताय ना?"

"ऐकतोय साहेब. बघतोय." सर्व्हर सांभाळणारा तो — यंत्राची नाडी बघतो म्हणून ऑफिसनं त्याला वैद्यबुवा करून टाकलं होतं. एरवी तोही नावाला जागायचा: काही बिघडलं की 'पथ्य पाळलं नाही तुम्ही' म्हणायचा. आज नाही म्हणाला. "मशीन तर ठणठणीत दिसतंय. मोकळं आहे एकदम. काही कळत नाहीये."

"सोमवारपासून हेच ऐकतोय मी."

तिनं आपला आवाज बंदच ठेवला होता. वैद्यबुवा कोंडीत सापडल्याचं तिला — कळत होतं — थोडं समाधानही होतं. मागच्या शुक्रवारी पहिल्यांदा सगळं चार मिनिटं थांबलं, तेव्हा वैद्यबुवा म्हणाला होता, दोष कोडचा. ती म्हणाली होती, मशीनचा. मग सोमवारपासून रोज दुपारी ती नकलेच्या मशीनवर जाऊन बसायची, जिथे जुन्या आठवड्याच्या बसफेऱ्या पुन्हा पळवून बघता येतात, आणि रोज तिला दिसायचं, की ठिपक्याशी थांबवलेला प्रोग्राम सोडला की लगेच सुरळीत पळतो. काल तिनं साहेबांना तसं लिहूनही दिलं. कोडमध्ये काही नाही. त्यावर साहेबांचं दोन ओळींचं उत्तर आलं होतं: आणखी एकदा थांबलं, तर वैद्यबुवांना नारळ. दुसरा माणूस बघून ठेवलाय.

ते वाचून तिला वाईट वाटलं होतं. पण जेवण गोड लागलं होतं.

"पुलावरच गं अजून," सासूबाई म्हणाल्या, आणि आता त्यांच्या आवाजातली थट्टा गेली होती.

पुलावर… तिनं पडद्याकडे पाहिलं. बस क्रमांक चार. अक्षांश, रेखांश. हे आकडे कुठले? तिनं ते नकाशात टाकले आणि नकाशा पुलावर येऊन थांबला. जुन्या आठवड्यातही बस पुलावरून गेलीच असणार, रोजच जाते… वेळ: दोन वाजून एकावन्न मिनिटं. बरोबर, रोज याच वेळेला… तारीख.

तारीख आजची होती.

तिनं ती पुन्हा वाचली. मग एकेक आकडा बोटानं दाबत वाचली, पहिलीतलं मूल वाचतं तशी. आजची. म्हणजे ही जुनी फेरी नव्हे. म्हणजे ही नक्कल नव्हे. म्हणजे गेली वीस मिनिटं ती एका जिवंत यंत्राच्या गळ्यावर बोट ठेवून बसली होती, आणि ते का गुदमरतंय हे मोठ्या चिकाटीनं शोधत होती.

तिनं ठिपका काढला. सोडून दिलं.

"हलली!" सासूबाई ओरडल्या. आणि मग, "अगं बाई… ही तर आपला थांबा सोडून पुढे गेली! दोन थांबे पुढे! पोर कुणाच्या हाती उतरली?"

त्या तशाच अनवाणी दाराकडे निघाल्या. ती उठली, गुडघा टेबलाला आपटला, आणि त्याच क्षणी सासूबाईंच्या हातातला फोन वाजला. बसमधल्या मावशी होत्या. "घ्यायला कुणीच नव्हतं हो आजी. पोरगी बसलीय माझ्या शेजारी, डबा उघडून. परतताना सोडते." सासूबाई दाराशीच मटकन बसल्या. "मी इथे बसलेय डोळे फाडून," त्या म्हणाल्या, "आणि पोर तिथे, आजी आली नाही म्हणून खिडकीतून बघत असेल." मग तिच्याकडे वळून, अगदी सहज, "तुमच्या त्या मशीनवाल्याला चांगला खडसाव."

ती खुर्चीत बसली. मेलमध्ये शोधलं. रविवारची मेल, वैद्यबुवाची, सगळ्यांना पाठवलेली; न उघडताच तिनं ती वाचलेल्यांत ढकलली होती. जुनं मशीन थकलं होतं म्हणून नकलेचं मशीनच आजपासून चालू कामाला लावतोय, नवी नक्कल दुसऱ्या पत्त्यावर आहे, प्रत्येकानं आपापला पत्ता बदलून घ्यावा. आणि शेवटी: 'ताई, प्रोग्राम थांबवून बघायला तुम्ही आत जायचं दार मागितलं होतं. या मशीनवर ते अजून उघडंच आहे. तुम्ही पत्ता बदलल्याचं सांगितलंत की बंद करतो.'

सोमवार. मंगळवार. बुधवार. तीनही दिवस, दुपारी, दोन-दोन, तीन-तीन मिनिटं. आज, गुरुवारी, वीस. ती.

"सुरू झालं," कानात साहेब म्हणत होते. "काय केलंत?"

"काहीच नाही." वैद्यबुवा म्हणाला, "खोटं कशाला बोलू साहेब, आपोआप सुरू झालं. माझ्याच बाजूचं काहीतरी असेल. मशीन हलवताना राहिलं असेल माझ्याकडून."

एक दार राहिलं होतं. चालू मशीनवर ते दार क्षणभरही उघडं राहता कामा नये, हे कुणालाही पटलं असतं. तिला एवढंच म्हणायचं होतं: दार उघडं होतं, साहेब. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तिनं ते वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं, आणि ते इतकं गुळगुळीत, इतकं तयार निघालं, की तिला शिसारी आली… हे वाक्य माझ्यात आधीपासून कुठे बसलं होतं? की कालपासूनच होतं, त्या गोड लागलेल्या जेवणापासून?

"ताई, तुम्हाला काय दिसलं?" साहेबांनी विचारलं. "आहात ना?"

तिनं आवाज सुरू केला. तिचा स्वतःचा श्वास त्यांच्या खोलीत गेल्याचं तिला ऐकू आलं.

सांगायचं. वैद्यबुवाला हसू येईल आधी, मग राग येईल. सासूबाई इथे, दाराशी, सगळं ऐकतील. हे सगळं तिला स्पष्ट दिसलं, आणि विशेष म्हणजे ते पेलण्याजोगं वाटलं. पण त्याच्या मागून दुसरं काहीतरी हळूहळू वर आलं.

शुक्रवार.

शुक्रवारी ती लेकीच्या शाळेत, पालकसभेत होती. लॅपटॉप घरी बंद होता. मशीन अजून हललं नव्हतं, पत्ते जुनेच होते. शुक्रवारची चार मिनिटं तिची नव्हती.

ती चार मिनिटं खरी होती. ती अजून तिथे होती, तिच्या कोडमध्ये नाहीतर त्याच्या मशीनमध्ये, दुपारच्या बसगाड्यांसोबत फिरत. आणि आता ती सांगेल, तेव्हा सगळे सुटकेचा निःश्वास टाकतील, दार लावून घेतील, म्हणतील, चला, मिटलं. मग तिला म्हणावं लागेल, नाही, थांबा, शुक्रवारचं वेगळं आहे. कोण ऐकेल? चार दिवस जी स्वतःचंच बोट शोधत होती, तिचं? आपल्याला आता पकडलं जाण्याची भीती वाटत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं. ती भीती कधी उतरून गेली कळलंही नाही. तिच्या जागी दुसरी येऊन बसली होती, जास्त थंड, जास्त मोठी — खरं बोलल्यावर पुढचं खरं कुणाला खरं वाटणार नाही, ही.

"ताई?"

"साहेब," ती म्हणाली, "दोन गोष्टी आहेत. आधी दुसरी सांगते, शुक्रवारची… तीच ऐका नीट."