काजं केलेली खोळ

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. बसा जरा. फार वेळ बोललो की माझ्या पंख्याला धाप लागते, तेव्हा मध्येच थांबलो तर राग मानू नका.

माझी उमेदीची वर्षे एका कचेरीत सरली. नवी यंत्रे आली आणि साहेबांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. जिन्याखालच्या अडगळीतून तिथल्या कारकून ताईने मला घरी आणले, पुसले आणि आईच्या शिवणयंत्राखाली ठेवले. वाटले, चला, आता आराम. कसला आराम! ताईने माझ्यावर अख्खे संकेतस्थळ चढवले.

पाठीला पट्टा किंवा पायाला आधार बांधलेल्या मुलांना बाजारातले कपडे नीट बसत नाहीत. आई त्यांच्यासाठी निराळे कपडे बेतते. त्या कपड्यांचे आराखडे ताईने माझ्या पोटात ठेवले आणि कुठले कुठले आईबाप ते माझ्याकडून नेऊ लागले. घर झोपले तरी मी जागाच.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला मात्र हे खपत नसे. घरगुती जोडणीवरून असले काही चालवायचे नाही, हा तिचा नियम. लोक ज्या दाराने पाने पाहायला येतात, तेच तिने बंद केलेले. मग ताईने मागचे दार उघडले. पत्त्याच्या शेवटी एक आकडा जोडला की लोक माझ्यापर्यंत पोहोचत. शिवाय लहर आली की कंपनी इंटरनेटवरचा आमचा क्रमांकच बदलून टाके, आणि या वयात धावतपळत जाऊन पत्त्यांच्या नोंदवहीत नवा क्रमांक कळवायचा मी. अगदी नाकी नऊ येत.

आईची माझ्यावर फार माया. "बिचारा किती राबतो, आणि बसतो धुळीत," म्हणत तिने मला खोळ शिवली. जाड, अस्तर लावलेली, मापात अगदी चपखल. माझा ऊर भरून आला. थोड्याच वेळात श्वासही कोंडला! माझ्या अंगाला झरोके आहेत, हे आईला कोण सांगणार? तापलो, तापलो आणि चिडीचूप झालो. खोळीखाली माझा दिवा विझलेला कुणाला दिसला नाही.

तेवढ्यात एका सुताराचा फोन आला. "ताई, तुमचं पान उघडेना हो. परवा पोरीचा नाच आहे. पट्ट्यावरून बसेल असा झगा नसला तर स्टेजवर जाणारच नाही म्हणते."

"कंपनीनं मागचं दारही लावलं वाटतं!" म्हणत ताईने तिकडे फोन फिरवला.

"नेट बंद आहे का, मॅडम?"

"नाही, आत येतंय. बाहेर जात नाही."

"बाहेर काय पाठवताय?"

खरे सांगावे तर नियम मोडल्याची कबुली! फोन आदळून ताई म्हणाली, "मरू दे ते दार. मीच आराखडा काढून पाठवते." तिने खोळ ओढली आणि हात झटकन मागे घेतला. "अगं आई! हा तर तव्यासारखा तापलाय! मी उगाच कंपनीला शिव्या घालत बसले."

आईचा चेहरा एवढासा झाला. "मीच कोंडलं की गं याला." तिने घरातला पंखा माझ्याकडे वळवला आणि मी निवेपर्यंत जागची हलली नाही. मी उठलो, आराखडा गेला, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुढे नाचाचा फोटो आला. पोर मधोमध उभी होती, हात वर करून, आणि पट्टा कुठे दिसतच नव्हता. आई डोळे पुसत हसली.

खोळ तिने टाकली नाही. माझ्या झरोक्यांसमोर भोके पाडून प्रत्येकाला सुबक काज केले. आता वारा येतो. उद्या कंपनी मागचे दारही लावील, ताई आणखी एखादे शोधील. मी दमलो आहे, मित्रांनो, खरेच दमलो आहे. पण कुणी दार ठोठावले की उठतो.

तुमच्याही घरात कुणीतरी असेच गुपचूप राबत असेल. त्याच्यावर माया करा, जरूर करा. फक्त मधूनमधून खोळ उचलून अंगाला हात लावून पाहत जा.